बॅटरी कट-ऑफची टकटक आणि लॅचचा उपाय

लोडशेडिंगसाठी मी पहिल्यांदा बनवलेलं बॅटरी कट-ऑफ सर्किट संध्याकाळभर निमूट चाललं आणि रात्री दहाच्या सुमारास टकटकायला लागलं. टक, दिवा गेला. चार सेकंदांनी टक, दिवा आला. पुन्हा टक. आई म्हणाली, "दिव्याला उचकी लागलीय का रे?" निदान अगदी बरोबर होतं. मी एक कंपॅरेटर (दोन व्होल्टेजची तुलना करणारा), एक रेफरन्स (तुलनेसाठीचं स्थिर व्होल्टेज) आणि एक रिले (भार जोडणारा-तोडणारा स्विच) एवढ्यावर भागवलं होतं. बॅटरी ११.४ व्होल्टच्या खाली गेली की रिले सुटायचा. रिले सुटला की बॅटरीवरचा भार जायचा आणि व्होल्टेज चढून ११.८-११.९ व्हायचं. कंपॅरेटरला वाटायचं बॅटरी सुधारली, तो पुन्हा भार जोडायचा, आणि व्होल्टेज पुन्हा कोसळायचं.

लेड-ॲसिड बॅटरीचा हा स्वभावच आहे. भार काढल्यावर आतल्या रोधावर पडणारं व्होल्टेज लगेच परत मिळतं आणि प्लेटजवळचं पातळ झालेलं ॲसिड हळूहळू सारखं होत जातं, म्हणून पुढची काही मिनिटंही व्होल्टेज चढत राहतं. बॅटरी मात्र रिकामीच असते. तेव्हा 'बंद कधी करायचं' आणि 'पुन्हा चालू कधी करायचं' हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरंही दोन वेगळी व्होल्टेज असायला हवीत. या दोन उत्तरांमधल्या अंतराला आपण हिस्टरेसिस म्हणतो.

या लेखात १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाच्या सीलबंद बॅटरीसाठी असं सर्किट पहिल्या आकड्यापासून शेवटच्या पिनपर्यंत बांधू. दोन कंपॅरेटर आणि एक लॅच, म्हणजे शेवटची स्थिती धरून ठेवणारं सर्किट, एवढाच त्याचा गाभा. पाण्याची टाकी, इनक्यूबेटर, सोलर दिवा, जिथे 'इथे चालू, तिथे बंद' असा मामला असेल तिथे हीच रचना आकडे बदलून चालते.

फीडबॅकचा एक रेझिस्टर का पुरत नाही

पुस्तकातलं उत्तर श्मिट ट्रिगर. आउटपुटवरून कंपॅरेटरच्या नॉन-इन्व्हर्टिंग (प्लस) इनपुटकडे एक मोठा रेझिस्टर न्यायचा, झालं. ओटो श्मिट या अमेरिकन संशोधकानं विद्यार्थिदशेत, १९३४ च्या सुमारास, ही कल्पना काढली. तो स्क्विड या समुद्री प्राण्याच्या मज्जातंतूंचा अभ्यास करत होता आणि मज्जातंतू जसा एका पातळीनंतर एकदम 'पेटतो' तसं वागणारं सर्किट त्यानं व्हॅक्यूम ट्यूबमध्ये उभं केलं.

युक्ती सुंदर आहे, पण ती गोंगाटावर उतारा म्हणून. सिग्नलवर पाच-दहा मिलिव्होल्टची थरथर असेल तर एक रेझिस्टर लावून मोकळं व्हावं, लॅचच्या भानगडीत पडू नये. आपल्याला मात्र बॅटरीवर दीड व्होल्टचं अंतर हवं आहे आणि तिथे तीन अडचणी येतात.

पहिली: फीडबॅक रेझिस्टर दोन्ही उंबरठे, म्हणजे बंद आणि चालू व्हायची व्होल्टेज, हलवतो. आउटपुट वर असताना तो बिंदूला वर ओढतो, खाली असताना खाली. म्हणजे तुम्ही खालचा उंबरठा प्रीसेटनं (स्क्रूड्रायव्हरनं फिरवायच्या रेझिस्टरनं) ११.४ वर आणलात की वरचा सरकलेला असतो, आणि वरचा जागेवर आणलात की खालचा. ब्रेडबोर्डवर मी हा झुला तासभर खेळलो आहे.

दुसरी जास्त खोल आहे. अंतर किती पडणार हे आउटपुटच्या उड्डाणावर ठरतं, आणि आउटपुटची वरची पातळी म्हणजे पुल-अपमार्फत (आउटपुटला प्लसकडे ओढणाऱ्या रेझिस्टरमार्फत) येणारं सप्लाय व्होल्टेज. इथे सप्लाय कोण? बॅटरीच. जी मोजायची आहे तीच मोजपट्टीही ताणते आहे.

तिसरी: बटण दाबून हातानं चालू करायची सोय त्यात सरळपणे बसत नाही. तिची गरज का पडते ते पुढे येईलच.

म्हणून काम वाटून टाकायचं. एका कंपॅरेटरनं फक्त 'फार कमी झालं' एवढंच ओरडायचं, दुसऱ्यानं फक्त 'पुरेसं झालं' एवढंच. मधल्या पट्ट्यात दोघंही गप्प. शेवटी कोण ओरडलं होतं हे लक्षात ठेवणं लॅचचं काम.

यात एक फायदा फुकटात पदरात पडतो. उंबरठ्याजवळ कंपॅरेटर थरथरला, दहा वेळा वर-खाली झाला, तरी पहिल्याच थरथरीला लॅच उलटतो आणि नंतरच्या नऊ वाया जातात. त्याला परत आणायचं तर दुसऱ्या कंपॅरेटरलाच ओरडावं लागतं, आणि तो दीड व्होल्ट लांब आहे. त्यामुळे या दोन्ही कंपॅरेटरना स्वतःचा हिस्टरेसिस द्यायची गरज उरत नाही.

उंबरठे ठरवणं

सर्किटआधी कागद. खालचा उंबरठा ११.४ व्होल्ट घेऊ. भार चालू असताना मोजलेलं हे व्होल्टेज आहे. छोट्या भाराला बॅटरी यापेक्षा खाली खेचली तर तिचं आयुष्य झपाट्यानं घटतं.

वरचा उंबरठा ठरवताना मी एकच प्रश्न विचारतो: चार्जर न लागता, नुसती विश्रांती घेऊन, रिकामी बॅटरी इथवर पोचेल का? १२ पर्यंत पोचेल, कधी १२.२ पर्यंतही. पूर्ण भरलेली, निवांत पडलेली बॅटरीसुद्धा १२.७-१२.८ च्या आसपास असते. म्हणून १२.९ धरू. एवढं व्होल्टेज दिसलं तर लाइट आली आहे आणि चार्जर काम करतो आहे असा अर्थ घ्यायला हरकत नाही.

पण मग एक गोची होते. नवी, भरलेली, १२.७ ची बॅटरी जोडली तर सर्किट भार जोडणारच नाही, कारण ती १२.९ च्या खाली आहे. बटण लागतं ते इथे. लॅच असला की बटण म्हणजे एक तार आणि एक पुश-टू-ऑन स्विच.

दोन प्रीसेट नकोत, एक शिडी घ्या

बहुतेक आराखड्यांत दोन्ही कंपॅरेटरना वेगवेगळा प्रीसेट असतो. मला ते पटत नाही. एखाद्या दिवशी कुणीतरी स्क्रूड्रायव्हर फिरवतं, खालचा उंबरठा वरच्याच्या वर जातो, आणि मग दोन्ही कंपॅरेटर एकाच वेळी ओरडतात. प्रीसेट जुना झाला, त्याचा सरकता संपर्क गंजला, तरी तेच.

त्याऐवजी बॅटरीच्या प्लसपासून ग्राउंडपर्यंत तीन रेझिस्टरची एक शिडी करा: वरचा, मधला, खालचा. वरच्या आणि मधल्याच्या सांध्याला 'अ' म्हणू, मधल्या आणि खालच्याच्या सांध्याला 'ब'. दोन्ही बिंदू एकाच २.४९५ व्होल्टच्या रेफरन्सशी ताडायचे. अ बिंदू नेहमी ब पेक्षा थोडा उंच असतो. बॅटरी उतरत असताना अ रेफरन्सखाली जातो तो क्षण म्हणजे खालचा उंबरठा. बॅटरी चढत असताना ब रेफरन्सवर जातो तो क्षण म्हणजे वरचा. शिडीच्या पायऱ्या उलट्या होऊ शकत नाहीत, म्हणून उंबरठेही एकमेकांना ओलांडू शकत नाहीत.

हिशोब असा. वरचा रेझिस्टर १०० किलोओहम धरा.

मधला + खालचा = १०० × २.४९५ ÷ (११.४ − २.४९५) = २८.०२ किलोओहम.

शिडीची एकूण बेरीज १२८.०२. आता खालचा = १२८.०२ × २.४९५ ÷ १२.९ = २४.७६ किलोओहम, आणि मधला उरतो ३.२६.

बाजारात ३.३ मिळतो, तो मधला. खालच्यासाठी २२ आणि २.७ सिरीजमध्ये, म्हणजे २४.७. नव्या आकड्यांनी उलट तपासू: शिडी १२८, मधला + खालचा २८. खालचा उंबरठा २.४९५ × १२८ ÷ २८ = ११.४१ व्होल्ट. वरचा २.४९५ × १२८ ÷ २४.७ = १२.९३ व्होल्ट. सगळे रेझिस्टर नेहमीच्या किमतींचे. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मेटल फिल्म, १ टक्का असं सांगितलं की पाकिटानं मिळतात.

समीकरणाकडे जरा निरखून पाहा. वरचा उंबरठा भागिले खालचा उंबरठा = २८ ÷ २४.७. त्यात ना रेफरन्स आहे, ना १०० किलोओहम. म्हणजे हिस्टरेसिसचं प्रमाण फक्त मधल्या आणि खालच्या रेझिस्टरवर ठरतं. रेफरन्स थोडा चुकला किंवा १०० चा १०१ निघाला तर दोन्ही उंबरठे जोडीनं सरकतील, त्यांचं नातं तुटणार नाही. बारीक जुळवणी करायचीच असेल तर १०० च्या जागी ९१ किलोओहम आणि २० किलोओहमचा मल्टिटर्न प्रीसेट सिरीजमध्ये लावा. तो फिरवला की दोन्ही उंबरठे हातात हात घालून हलतात.

अंतर वाढवायचं असेल तर मधला ४.७ आणि खालचा २२ + १.२ करा. उंबरठे ११.४४ आणि १३.७५ येतात. चार्जर लावल्या लावल्या बॅटरीचं व्होल्टेज वरवर फुगतं, त्याला फसायचं नसेल तर हा पर्याय चांगला.

चूक किती पडेल? इथे लोक उगाच कंपॅरेटरच्या ऑफसेटची, म्हणजे तुलनेतल्या त्याच्या जन्मजात चुकीची, काळजी करतात. आपले दोन्ही कंपॅरेटर एलएम३९३ या एकाच आयसीत आहेत; त्याचा ऑफसेट जास्तीत जास्त ५ मिलिव्होल्टच्या घरात. बॅटरीवर तो ४.५७ पट होऊन दिसतो, म्हणजे २३ मिलिव्होल्ट. इनपुटला लागणारा करंट साधारण २५ नॅनोअँपिअर, शिडीचा अ बिंदूपाशी दिसणारा रोध २१.९ किलोओहम, म्हणजे अर्धा मिलिव्होल्ट. सोडून द्या. खरी चूक रेझिस्टरची. १ टक्क्याचे रेझिस्टर उलट-सुलट दिशेनं चुकले तर उंबरठा ०.१८ व्होल्ट हलू शकतो. रेफरन्स १ टक्क्याचा असेल तर आणखी ०.११. म्हणून पाकिटातून पाच-सहा काढून मल्टिमीटरनं मोजा आणि जवळचे निवडा. दहा मिनिटांचं काम आहे.

लॅच, आणि दोघं एकदम ओरडले तर

सीडी४०११ या आयसीमध्ये चार नँड गेट असतात: दोन्ही इनपुट वर असतील तरच नँडचं आउटपुट खाली, नाहीतर वर. दोन गेट एकमेकांत गुंतवले की लॅच झाला. हा लॅच 'शून्यावर जागा होणारा' आहे: दोन्ही इनपुट वर असताना तो जुनी स्थिती धरून बसतो, सेटची तार क्षणभर ग्राउंडला गेली की चालू, रिसेटची गेली की बंद.

नँडच का, नॉर का नाही? कारण एलएम३९३ चं आउटपुट ओपन कलेक्टर आहे. तो तार खाली ओढू शकतो, वर ढकलू शकत नाही. वर नेण्याचं काम पुल-अप रेझिस्टर करतो. म्हणजे त्याचं ओरडणं हे मुळातच 'खाली' असतं आणि नँड लॅचला तेच ऐकू येतं. शिवाय अशा तारेवर कितीही जणांना जोडता येतं. सेटच्या तारेवर कंपॅरेटरशेजारी बटण लावा, कुणीही कुणाशी भांडत नाही.

आता पुस्तकात 'निषिद्ध' म्हणून चौकट काढलेली स्थिती. बॅटरी ११ व्होल्टवर आहे, रिसेट ओरडतो आहे, आणि कुणीतरी अंधारात वैतागून बटण दाबून धरलं आहे. सेट आणि रिसेट दोन्ही खाली. नँड लॅचची दोन्ही आउटपुट वर जातात. आउटपुट आणि त्याचं उलट आउटपुट, दोन्ही १. घाबरायचं कारण नाही. तुम्ही भार कुठल्या आउटपुटवरून चालवता एवढाच प्रश्न आहे. सरळ आउटपुटवरून चालवलात तर बटण दाबून धरलं असेपर्यंत दिवा लागेल: सेट जिंकला. उलट आउटपुट घेऊन ते तिसऱ्या गेटनं पुन्हा उलटवलंत तर दिवा लागणार नाही: रिसेट जिंकला.

बॅटरी वाचवायची आहे म्हणून मी रिसेटला जिंकवतो. पाण्याच्या पंपालाही तेच. एखाद्या जिन्यातल्या दिव्याला मात्र मी सेट जिंकू देईन. कुणीतरी बटण दाबून धरलं आहे तर त्याला उजेड हवाच आहे. हा निर्णय आराखडा काढतानाच घ्या. नाहीतर तो आपोआप घेतला जातो आणि तुम्हाला कळतही नाही.

जोडणी

हे साहित्य काढून ठेवा: एलएम३९३, सीडी४०११, टीएल४३१ (रेफरन्स), आयआरएफझेड४४एन मॉसफेट (भार चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच), शिडीचे रेझिस्टर, ४७ किलोओहमचे दोन, ४.७ किलोओहमचा एक, १०० किलोओहमचा आणखी एक, १०० ओहमचे दोन, १ मायक्रोफॅरडचा पॉलिस्टर कॅपॅसिटर, ०.१ मायक्रोफॅरडचे दोन, ४७ मायक्रोफॅरडचा एक इलेक्ट्रोलिटिक, बटण, आणि बॅटरीच्या प्लसला लागून फ्यूज. फ्यूज विसरू नका. ७ अँपिअर-तासाची छोटीशी बॅटरीसुद्धा शॉर्ट झाली तर तार लालबुंद करते.

१. सप्लाय. बॅटरीच्या प्लसवरून १०० ओहममधून दोन्ही आयसींना सप्लाय द्या, ४७ मायक्रोफॅरड ग्राउंडला, आणि प्रत्येक आयसीच्या अगदी पायाशी ०.१. एलएम३९३ ची ८ नंबरची पिन प्लस, ४ ग्राउंड. सीडी४०११ ची १४ प्लस, ७ ग्राउंड. चार्जर चालू असताना १४.४ व्होल्ट येतील. ४००० मालिकेला १५ पर्यंत चालतं, तरी चार्जर बेभरवशाचा असेल तर सप्लायवर १५ व्होल्टचा झेनर टाका.

२. रेफरन्स. टीएल४३१ चा रेफ आणि कॅथोड एकत्र जोडा, सप्लायवरून ४.७ किलोओहममधून त्याला करंट द्या. बॅटरी ११ वर असतानाही १.८ मिलिअँपिअर मिळतो. त्याला किमान १ लागतो. पायांचा क्रम डेटाशीटवरच बघा. आणि सवयीनं त्याच्यावर ०.१ मायक्रोफॅरड लावू नका. मधल्या किमतीच्या कॅपॅसिटरबरोबर टीएल४३१ स्वतःच डोलायला लागतो.

३. शिडी. वरचं टोक थेट बॅटरीच्या टर्मिनलवर, वेगळ्या बारीक तारेनं. भाराच्या तारेवरून घेऊ नका. जाण्या-येण्याच्या तारेत मिळून ०.१ ओहम असला आणि भार २ अँपिअर असला तर ०.२ व्होल्ट तिथेच हरवतात. शिडीचं ग्राउंडही बॅटरीच्या मायनसवरच न्या. अ बिंदू ते ग्राउंड १ मायक्रोफॅरडचा पॉलिस्टर कॅपॅसिटर.

४. कंपॅरेटर. खालचा उंबरठा: अ बिंदू पिन ३ ला, रेफरन्स पिन २ ला, आउटपुट पिन १. वरचा उंबरठा: रेफरन्स पिन ५ ला, ब बिंदू पिन ६ ला, आउटपुट पिन ७. दोन्ही आउटपुटना ४७ किलोओहमचे पुल-अप. दुसऱ्या कंपॅरेटरची इनपुट मुद्दाम उलटी आहेत: तिथे व्होल्टेज वाढल्यावर आउटपुट खाली यायला हवं.

५. लॅच. एलएम३९३ ची पिन ७ सीडी४०११ च्या पिन १ ला (सेट), एलएम३९३ ची पिन १ सीडी४०११ च्या पिन ६ ला (रिसेट). सीडी४०११ मध्ये पिन ३ पिन ५ ला, पिन ४ पिन २ ला. पिन ८ आणि ९ एकत्र करून पिन ४ ला. भाराचा हुकूम निघतो पिन १० वर. उरलेल्या गेटच्या १२ आणि १३ ग्राउंडला, ११ मोकळी. सीमॉसची (सीडी४०११ च्या जातीच्या आयसीची) इनपुट लोंबकळत ठेवली तर आयसी विनाकारण करंट खातो, कधी गरमही होतो.

६. बटण. सीडी४०११ ची पिन १ ते ग्राउंड.

७. मॉसफेट. पिन १० वरून १०० ओहममधून गेटला, गेट ते सोर्स १०० किलोओहम. सोर्स बॅटरीच्या मायनसला, भाराचा मायनस ड्रेनला, भाराचा प्लस फ्यूजनंतरच्या प्लसला. २ अँपिअरला यात ०.०७ वॉटच जळतो, हीटसिंकची गरज नाही. रिले वापरला असता तर त्याच्या कॉइलनंच ३० मिलिअँपिअर रात्रभर प्यायले असते. भार पंखा किंवा मोटर असेल तर भारावर उलटा १एन४००७ लावा.

एक सावधगिरी: इथे भाराचा मायनस तुटतो. राउटरसारख्या यंत्राचा मायनस दुसऱ्या कुठल्या केबलमधून बॅटरीच्या मायनसला जाऊन मिळाला असेल तर मॉसफेट बंद होऊनही यंत्र चालूच राहील.

त्या १ मायक्रोफॅरडबद्दल

तो कॅपॅसिटर दोन कामं करतो. भार सुरू होताना व्होल्टेज काही मिलिसेकंद खचतं, तेवढ्यावर रिसेट ओरडू नये म्हणून २२ मिलिसेकंदांचा धीर तो देतो. दुसरं काम मला बांधल्यानंतर लक्षात आलं. कुठलाही लॅच सप्लाय मिळताच कुठल्या बाजूला पडेल सांगता येत नाही, म्हणून लोक वेगळा पॉवर-ऑन रिसेट लावतात. इथे बॅटरी जोडताच अ बिंदू शून्यावर असतो, कारण कॅपॅसिटर रिकामा आहे. रेफरन्स मात्र लगेच उभा राहतो. म्हणजे पहिले काही मिलिसेकंद रिसेट आपोआप ओरडतो. १२.६ व्होल्टच्या बॅटरीवर हे सुमारे ५० मिलिसेकंद चालतं. सर्किट नेहमी बंद स्थितीत जागं होतं, फुकटात.

आणि पॉलिस्टरच का, ते मी अनुभवानं शिकलो. एकदा हाताशी पॉलिस्टर नव्हता म्हणून डब्यातला जुना १० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक लावला. दिवा ११.४ ऐवजी ११.७ ला जायला लागला. आधी रेफरन्सवर संशय घेतला, तो २.४९ दाखवत होता. शिडी सोडवून मोजली, तीही बरोबर. मग वरचा उंबरठा तपासला, तोही ०.३ नं वर सरकलेला. दोन्ही जोडीनं सरकले म्हणजे दोष मधल्या-खालच्या रेझिस्टरमध्ये नाही. अ बिंदूला कुणीतरी खाली ओढतं आहे. इलेक्ट्रोलिटिकची गळती. ३ मायक्रोअँपिअर गळती धरा: २१.९ किलोओहमवर ६६ मिलिव्होल्ट, गुणिले ४.५७, म्हणजे ०.३ व्होल्ट. कागदावर आकडा तंतोतंत जुळला तेव्हा कॅपॅसिटर उपटून फेकला.

चाचणी

बॅटरीवर थेट प्रयोग करू नका, उंबरठे शोधायला रात्र जाईल. बदलता डीसी सप्लाय घ्या. नसेल तर १८ व्होल्टचा जुना ॲडाप्टर आणि एलएम३१७ पुरेल. भाराच्या जागी एक एलईडी आणि २.२ किलोओहम.

१२ व्होल्टवर सुरू करा. एलईडी बंदच असायला हवा. बटण दाबून सोडा, लागला पाहिजे आणि लागलेला राहिला पाहिजे. हळूहळू उतरवत न्या, ११.४ च्या आसपास एका झटक्यात जाईल. तो मंदावत किंवा लुकलुकत गेला तर लॅचची जोडणी चुकली आहे, बहुधा पिन ३-५ किंवा ४-२. आता चढवा. ११.८, १२.२, १२.६ ला काहीही होता कामा नये. १२.९ ला लागेल. हे चक्र तीनदा करा आणि आकडे लिहून ठेवा. तिन्ही वेळा २० मिलिव्होल्टच्या आत यायला हवेत. शेवटी ११ वर आणून बटण दाबून धरा: एलईडी लागला नाही तर रिसेट जिंकतो आहे.

एलईडी अजिबात बंद होत नसेल तर मल्टिमीटर सेट आणि रिसेटच्या तारांवर लावा. मधल्या पट्ट्यात दोन्ही वर दिसायला हव्यात. एखादी कायम खाली असेल तर तिच्या कंपॅरेटरची इनपुट अदलाबदल झाली आहेत.

मग खरी बॅटरी. आणि इथे एक उणीव कबूल करतो: हे सर्किट स्वतः सुमारे ३ मिलिअँपिअर खातं, त्यातला मोठा वाटा टीएल४३१ चा. दिवसाला ७० मिलिअँपिअर-तास. रोज चार्ज होणाऱ्या बॅटरीला काही वाटणार नाही, पण गावच्या बंद घरात महिनाभर कट-ऑफ होऊन पडली तर २ अँपिअर-तासांहून जास्त गेले, तेही आधीच रिकाम्या बॅटरीतून. तिथे टीएल४३१ काढून एलएम३८५ चा २.५ व्होल्टचा रेफरन्स लावा. तो २० मायक्रोअँपिअरपासून चालतो, त्यामुळे ४.७ च्या जागी १०० किलोओहम पुरतो. सोबत सीमॉस कंपॅरेटर घेतला तर खर्च आणखी उतरतो.

तुमच्या डब्यात आधीच पडलेला एक पर्याय

५५५. हान्स कॅमेन्झिंडनं १९७१ मध्ये आखलेला आणि सिग्नेटिक्सनं १९७२ मध्ये बाजारात आणलेला हा आयसी आपण टायमर म्हणून ओळखतो, पण आत काय आहे? तीन सारख्या रेझिस्टरची शिडी, दोन कंपॅरेटर, एक लॅच. म्हणजे आत्ता बांधलं तेच. पिन २ सप्लायच्या एक-तृतीयांशाखाली गेली की आउटपुट चालू, पिन ६ दोन-तृतीयांशावर गेली की बंद. पिन ५ ला बाहेरून स्थिर व्होल्टेज दिलं की वरचा उंबरठा तेवढा आणि खालचा त्याच्या बरोबर निम्मा.

टाकीच्या पंपाला तो जवळजवळ आयता आहे: पाणी खाली गेलं की चालू, वर आलं की बंद. बॅटरीच्या कामाला मात्र उलटा पडतो, कारण व्होल्टेज कमी झालं की त्याचं आउटपुट वर जातं. पुढे एक ट्रान्झिस्टर लावून उलटवावं लागतं. शिवाय नेहमीच्या ५५५ मध्ये दोन्ही इनपुट एकदम जागी झाली तर पिन २, म्हणजे सेट, जिंकते. पंपाला हे धोक्याचं. तारेला गंज चढून खालचा सेन्सर तुटला आणि पिन २ खाली राहिली, तर टाकी ओसंडून वाहिली तरी मोटर थांबणार नाही. त्यावर उपाय पिन ४: ती खाली ओढली की सगळ्यांवर मात करून आउटपुट बंद होतं. भरलेल्या टाकीच्या वर आणखी एक फ्लोट स्विच बसवून तो थेट पिन ४ वर न्या.